घंटा की टप्पा? कामातून उठायचं कधी

कामातून अधूनमधून उठावं, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही. वाद आहे तो कधी उठायचं याचा. घड्याळ सांगेल तेव्हा, की हातातलं काम एका टप्प्याला आलं की? मी हिशेबाच्या धंद्यात आहे. टॅली, बँकेची स्टेटमेंटं आणि एक्सेल यांत दिवस जातो. दोन्ही पद्धती बराच काळ वापरून झाल्या आहेत. माझ्याकडे मोजमाप काही नाही, अनुभव आहे, तेव्हा त्या बेतानंच वाचावं.

पोमोडोरोची ओळख करून द्यायला नको. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून ही सुरुवात केली. तो विद्यार्थी होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. अभ्यासाला बसायचंच जिवावर येतं, त्यावरचा हा उतारा आहे. 'पंचवीसच मिनिटं बस, मग ऊठ' असं म्हटलं की मन कुरकुरत का होईना, तयार होतं. अभ्यासिकेत बसणाऱ्या भाच्याला मी हीच पद्धत सुचवली आणि त्याचं छान चाललंय. आमच्याकडेही व्हाउचरांचा गठ्ठा चढवायचा असेल तर घंटेसारखं दुसरं काही नाही. प्रत्येक व्हाउचर सुटं असतं. कुठंही थांबलं तरी बिघडत नाही.

अडतं ते जुळवणीला, म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघायला. समजा एका पार्टीचं, म्हणजे देण्याघेण्यातल्या व्यापाऱ्याचं, खातं आपल्या वहीत आणि त्यांच्या वहीत २७० रुपयांनी वेगळं दिसतंय. २७० ला ९ ने भाग जातो, म्हणजे बहुतेक कुठंतरी अंक उलटे पडलेत: ४,८५० च्या जागी ४,५८० असं काहीतरी. मग तुम्ही ओळीओळीनं खाली उतरता. ही रक्कम जुळली, ही त्यांनी पुढच्या महिन्यात धरली, हिचा टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, वजा झालाय, ती क्रेडिट नोट, म्हणजे रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, इकडे आलीच नाही. या चार-पाच गोष्टी कुठं लिहिलेल्या नसतात, डोक्यात धरलेल्या असतात. आणि नेमकी तेव्हा घंटा वाजते.

मला पोमोडोरो सोडायला लावला तो या घंटेनं. घंटा ऐकून उठावं, तर परत आल्यावर अर्धं पान पुन्हा वरून बघायचं. न उठावं, तर टायमर लावलाच कशाला? दोन्हीतून चिडचिड तेवढी पदरात पडते. जाणकार सांगतात, उठण्याआधी कुठवर आलो ते कागदावर लिहून ठेवावं. मी लिहीत असे. पण लिहिता लिहिता ५ पैकी २ मिनिटं जातात आणि जे लिहिता येतं ते डोक्यात होतं त्याच्या निम्मंही नसतं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच थोडं वेगळ्या अंगानं आलंय. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की मन काही काळ पहिल्यातच घुटमळत राहतं. त्यांनी सुट्टी मोजली नव्हती, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं तपासलं होतं, हे मान्य. तरी जुळवणी मध्येच टाकून जिना उतरताना माझ्या डोक्यात २७० रुपयेच फिरत असतात, याला विश्रांती कसं म्हणायचं?

दुसरी कुरबुर लहान आहे. ५ मिनिटांत धड चहा होत नाही. टपरीवर जाऊन कटिंग घेऊन यायचं म्हटलं तरी दहा-बारा मिनिटं सहज लागतात. मग त्या पाच मिनिटांत माणूस करतो काय? खुर्चीतच बसून फोन काढतो. डोळे एका पडद्यावरून उठून दुसऱ्या पडद्यावर बसतात.

टप्प्याची पद्धत साधी आहे. बसण्यापूर्वी ठरवायचं: या पार्टीचं खातं मिटलं की उठायचं, किंवा मार्चपर्यंतचं बँक स्टेटमेंट जुळलं की. ते कधी ३५ मिनिटांत होतं, कधी सव्वा तास खातं. मग सुट्टीही ऐसपैस घ्यायची, पंधरा-वीस मिनिटं, खाली उतरून. 'नेमकी किती' या प्रश्नात मी फार अडकत नाही. ५२ मिनिटं काम आणि १७ मिनिटं सुट्टी हे सूत्र बरंच फिरतं. ते डेस्कटाइम या वेळेची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनं २०१४ मध्ये आपल्या सर्वांत कार्यक्षम १० टक्के वापरकर्त्यांच्या नोंदींवरून काढलं. २०२१ मध्ये त्यांनीच पुन्हा हिशेब मांडला, तर ११२ आणि २६ निघाले. आकडा एवढा हलत असेल तर तो पाठ करण्यात अर्थ नाही.

टप्प्यातही खोट आहेच. रिटर्न भरायची तारीख जवळ आली की टप्पा पुढं पुढं सरकतो. 'एवढं एक खातं' म्हणता म्हणता दोन तास होतात आणि मान धरते. यंत्रावर उभ्या असणाऱ्या कामगारासाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमानं सलग ५ तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती; खुर्चीतला माणूस स्वतःच्या हौसेनं तीही खाऊन टाकतो. म्हणून मी छोटी बाटली ठेवतो. ती लवकर संपते, भरायला उठावंच लागतं. डोळ्यांसाठी डॉक्टर सांगतात ते २०-२०-२० चं पथ्यही यात बसतं: दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघायचं. जुळवणीच्या मधोमध ते केलं तरी धागा तुटत नाही, कारण जागेवरून हलायचं नसतं.

टपरीवर गप्पा रंगल्या की वीसची चाळीस मिनिटं होतात, हा आरोपही खरा आहे. क्रिकेट निघालं तर विचारूच नका. मी शक्यतो एकटा जातो, किंवा ज्याला माझ्याइतकीच परतायची घाई आहे अशा एकाला घेऊन.

वामकुक्षीचं विचाराल तर ती या तुलनेत बसत नाही. पुण्यातल्या दुकानांची १ ते ४ ची चेष्टा होते खरी, पण दुपारी वीसेक मिनिटं आडवं होता येणं हा घरून काम करणाऱ्यांचा हेवा वाटावा असा भाग आहे. ऑफिसात सोय नाही, विषय संपला.

तेव्हा काम सुरूच होत नसेल, किंवा सुट्या सुट्या तुकड्यांचं असेल, तर पोमोडोरो जरूर लावून बघा. कदाचित तुम्हाला तेवढंच पुरेल. डोक्यात चार गोष्टी धरून करायचं काम असेल, हिशेब, कोडिंग, लेखन, मसुदे, तर माझा कल टप्प्याकडे आहे. एकच अट: खाली उतरताना फोन टेबलावर राहू द्या. टपरीवर यूपीआयनं पैसे द्यायचे असतात म्हणून फोन न्यावाच लागतो, असा आमच्या ऑफिसातल्या मंडळींचा कायमचा बचाव आहे. मी महिन्याचे पैसे आधीच देऊन ठेवतो.