लडाखसाठी मागवलेले ‘हाय अल्टिट्यूड किट’: उपयोग किती आणि धीर किती

मे महिन्यात लेहला जाण्याआधी आम्ही २,४०० रुपयांचे एक ‘हाय अल्टिट्यूड किट’ घरपोच मागवले. त्यात १० लिटर ऑक्सिजनचा डबा, बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर, ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून संरक्षण’ असे छापलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची बाटली आणि कापराची पुरचुंडी होती. अशी किट्स अनेक नावांनी विकली जातात आणि आतला ऐवज बहुधा सारखाच असतो, म्हणून विक्रेत्याचे नाव येथे देत नाही.

ऑक्सिजनचा डबा मुंबई विमानतळावरच काढून घेतला गेला. दाबाखालचा वायू विमानातून असा नेता येत नाही, ही साधी सूचना किटच्या खोक्यावर कोठेही नव्हती. तसाच डबा लेहच्या बाजारात पुन्हा विकत घेतला.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेतही ऑक्सिजन मुंबईइतकाच, म्हणजे सुमारे २१ टक्केच असतो. मात्र हवेचा दाब जवळजवळ दोन-तृतीयांशावर येतो आणि त्याच हिशेबाने प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही घटतो. आम्ही सकाळी उतरलो आणि संध्याकाळी यजमानांचे डोके ठणकू लागले. गंमत अशी की दरवर्षी कळसूबाई चढणारे तेच आडवे झाले होते आणि पर्वतीच्या पायऱ्याही टाळणाऱ्या सासूबाई मजेत थुकपा खात होत्या. दमसास चांगला असला म्हणजे उंची बाधत नाही, हा समज आमच्या घरात त्या दिवशी संपला. डबा हुंगल्यावर यजमानांचे ऑक्सिमीटरवरचे ८४ चे ९३ झाले, पण डबा खाली ठेवल्यावर काही मिनिटांत आकडा होता तेथेच आला आणि डोकेदुखी हललीही नाही. त्यात नवल नव्हते, कारण शरीरात ऑक्सिजनचा साठा जवळजवळ होतच नाही, आणि रुग्णालयात मिनिटाला दोन लिटर या वेगाने तासन्‌तास दिला जाणारा ऑक्सिजन या डब्यातून पाच मिनिटे पुरेल एवढाच निघतो. तीच रक्कम लेहमध्ये एका जादा मुक्कामावर घातली असती तर सार्थकी लागली असती.

कॅप्सूलविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सोबतच्या पत्रकातले शास्त्र अर्धे खरे आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशींमधील मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीतून इलेक्ट्रॉनची गळती वाढते आणि फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू, तयार होतात. उंचीवरचे तीव्र अतिनील किरण, थंडी आणि दमछाक त्यांत भर घालतात. त्यांना आवरणारी शरीराची स्वतःची (अँटिऑक्सिडंट) व्यवस्था अपुरी पडते, तेव्हा त्या असमतोलाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड या रॅडिकल्समुळे खर्ची पडते आणि फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळण्यास हातभार लागतो, असेही मानले जाते. येथवर तक्रार नाही. पण ‘म्हणून ही गोळी घ्या’ या पुढच्या उडीला आधार नाही. एडिनबरो येथील संशोधकांनी बोलिव्हियातील चाकालताया येथे, ५,२०० मीटर उंचीवर, सपाटीवरून आलेल्या ८३ निरोगी व्यक्तींवर क आणि ई जीवनसत्त्व व अल्फा लिपोइक आम्ल या अँटिऑक्सिडंटची चाचणी घेतली, तेव्हा उंचीचा त्रास टाळण्यात त्यांचा फायदा दिसला नाही. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. क जीवनसत्त्वच हवे असेल तर लेहमध्ये सी-बकथॉर्न या आंबट फळाचा रस मिळतो. तोही औषध नव्हे, पण निदान चवीला बरा आहे.

कापराने नाक मोकळे वाटते, एवढेच.

ऑक्सिमीटर मात्र मी पुन्हा घेईन. लेहमध्ये ८५ ते ९० दरम्यानचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नसते, आणि बोटे गार असतील किंवा नखांना रंग असेल तर तो फसवाही असतो. तरीही विश्रांती घेऊनसुद्धा आकडा खाली घसरत असेल आणि माणूस मलूल दिसत असेल, तर निर्णय घेण्यास त्याचा उपयोग होतो.

माझा मोठा आक्षेप किटमध्ये जे नव्हते त्याबद्दल आहे. पहिले दोन दिवस लेह सोडू नये, वर जाण्यापूर्वी अ‍ॅसिटाझोलामाइड या उंचीचा त्रास टाळण्याच्या औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास ती सांगावी, बसल्या जागी धाप लागणे हे फुप्फुसांत पाणी साचल्याचे आणि चालताना तोल जाणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते, आणि तसे झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे व खाली उतरावे: एवढा मजकूर एका पानावर मावला असता. हे ज्ञान नवे नाही. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ भारतीय जवानांची निरीक्षणे १९६९ मध्येच प्रसिद्ध केली होती. ते पान नसल्याचा परिणाम खारदुंग ला या खिंडीत, सुमारे ५,३५९ मीटरवर, डोळ्यांनी पाहिला. एक तरुण डोके धरून बसला होता आणि त्याचे मित्र त्याला डबा हुंगवत आणखी अर्धा तास फोटो काढत थांबले होते. शेवटी त्यांच्या चालकानेच आवाज चढवून सर्वांना गाडीत बसवले.

पाचपैकी दोन तारे देते, त्यांतला दीड ऑक्सिमीटरचा.