घडीचा ट्रेलर की छोटा हार्ड-वॉल? फॅमिलीसाठी घेताना

रोजची फॅमिली कार आहे तीच ठेवायची आणि तिच्यामागे चौघांना झोपता येईल असा कॅम्पिंग ट्रेलर लावायचा, एवढं एकदा ठरलं की प्रश्न बराच लहान होतो. मागे बंक बेड असलेले लांबलचक ट्रेलर आपोआप बाद होतात कारण ते ओढायला गाडीच वेगळी लागते. उरतात दोन. एक घडीचा म्हणजे पॉप-अप, हँडल फिरवून छत वर घ्यायचं, दोन्ही टोकांचे बेड बाहेर ओढायचे, वरच्या भिंती कापडाच्या. दुसरा छोटा हार्ड-वॉल म्हणजे पक्क्या भिंतींचा, दार उघडलं की तयार खोली. आम्ही दोन्ही आधी भाड्याने नेऊन वापरले, मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आणि मग घडीचा घेतला. हार्ड-वॉल घेणारे चुकतात असं मला अजिबात वाटत नाही, त्यांचं फिरणं बहुतेक वेगळ्या पद्धतीचं असतं, पण आमचा कौल कुठे झुकला आणि का ते सांगतो.

आधी वजन. ब्रोशरमधलं रिकामं वजन बघून खूश होऊ नका, त्यात बऱ्याचदा बॅटरी धरलेली नसते, गॅस सिलिंडर नसतात, मागाहून बसवलेला एसी नसतो, आणि पाणी तर नसतंच. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणजे १०० लिटरची टाकी भरून निघालात की तिथेच १०० किलो वाढले. त्यामुळे ट्रेलरच्या प्लेटवर जे जास्तीत जास्त भरलेलं वजन लिहिलेलं असतं तेच धरा आणि ते कारच्या टोइंग मर्यादेच्या, म्हणजे कार जास्तीत जास्त जेवढं वजन ओढू शकते त्याच्या, बऱ्यापैकी आत बसतंय ना ते बघा. यापेक्षाही सहज नजरेतून सुटतो तो नाकावरचा भार, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक कारच्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडावर) जेवढं दाबतं तो. उत्तर अमेरिकेत तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात, ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के, आणि शिवाय हिचची स्वतःची किलोमधली मर्यादा असते ती वेगळीच. १० टक्के धरले तर भरलेल्या १४०० किलोच्या हार्ड-वॉलचे १४० किलो कारवर येतात, ९०० किलोच्या घडीच्या ट्रेलरचे ९०. हा भार कारच्या पेलोडमधून, म्हणजे कार स्वतःवर जेवढं वजन वाहू शकते त्यातून, वजा होतो, त्याच पेलोडमध्ये तुम्ही चौघं, डिकीतलं सामान आणि छतावरच्या सायकली पण बसवायच्या असतात, त्यामुळे टोइंगची मर्यादा शिल्लक असते पण पेलोड आधीच संपलेला असतो असं फॅमिली कारच्या बाबतीत बऱ्याचदा होतं. मुलं मोठी होतात तसं त्यांचं आणि त्यांच्या सामानाचंही वजन वाढतं, हे पण धरा.

ओढताना मात्र फरक किलोपेक्षा वाऱ्याचा जास्त जाणवतो, निदान मला तरी. घडीचा ट्रेलर बंद असताना साधारण कारच्याच उंचीचा असतो, कारने हवा फाडलेली असते आणि तो मागून येतो. हार्ड-वॉल कारच्या वर डोकं काढतो आणि ते सपाट कपाळ हवेला अडतं, त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. समोरून वारा असला की आमची गाडी हार्ड-वॉल घेऊन सपाट रस्त्यावर पण गिअर खाली टाकायची, इंजिनचा आवाज चढायचा, आणि इंधनाचा काटा डोळ्यादेखत खाली जायचा. घडीच्यासोबत इंधन जास्त लागतं, नाही असं नाही, पण दर थोड्या वेळाने पंप शोधावा लागत नाही. काही कार कंपन्या टोइंगच्या वजनासोबत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची पण मर्यादा देतात, मॅन्युअलमध्ये ती ओळ शोधून वाचा, वजनात बसणारा ट्रेलर तिथे अडकू शकतो.

झोल जाणं, म्हणजे मागे ट्रेलर डावी-उजवीकडे हलायला लागणं, दोन्हीत होऊ शकतं. नाकावर भार कमी आणि मागे जास्त असला की तो हमखास होतो, म्हणून जड सामान एक्सलच्या आसपास किंवा थोडं पुढे ठेवायचं आणि मागच्या रॅकवर सायकली टांगताना दोनदा विचार करायचा. पाण्याची टाकी एक्सलच्या मागे असेल तर ती भरल्यावर नाक हलकं होतं हे पण ध्यानात ठेवा. झोल सुरू झालाच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, कारचा ब्रेक जोरात दाबू नका आणि वेग वाढवून त्यातून निघायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ड्रायव्हरजवळच्या त्यांच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हलके लावायचे. शेजारून मोठा ट्रक गेला की हार्ड-वॉलला जो धक्का बसायचा तो घडीच्याला फारसा कळत नाही, बायको पण आता शेजारच्या सीटवर निवांत झोपते, यातच सगळं आलं.

रिव्हर्समध्ये हार्ड-वॉलला थोडं झुकतं माप द्यावं लागेल, तो जरा लांब असतो त्यामुळे सावकाश वळतो आणि आरशात सतत दिसतो (त्याला बाहेरचे रुंद आरसे मात्र लावावे लागतात). आखूड ट्रेलर पटकन कात्रीसारखा मुडपतो. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरायचा आणि ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचंय तिकडे हात सरकवायचा, एका मोकळ्या मैदानात तासभर केलं की जमतं.

पोचल्यावर हार्ड-वॉल स्पष्ट जिंकतो. रात्री उशिरा, पावसात पोचलात तर त्याचं लेव्हलिंग करून चाकांना अडण्या लावल्या की आत जाऊन झोपता येतं. घडीच्याला आडवी लेव्हल करायची, अडण्या लावायच्या, मग कारपासून सोडवायचा, पुढच्या जॅकने पुढे-मागे लेव्हल करायची, छत वर घ्यायचं, बेड ओढायचे, त्यांचे टेकू लावायचे, कापड ताणून बसवायचं. कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर शेवटी, आणि ते फक्त हलू नये म्हणून असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नाही, फ्रेम वाकते. हे सगळं कोरड्या दिवशी वीसेक मिनिटांत होतं, पावसात ती वीस मिनिटं फार मोठी वाटतात. रोज गाव बदलत जाणारी टूर असेल तर हे रोज करायला लागेल, आणि मग माझं पुढचं सगळं म्हणणं बाजूला ठेवून हार्ड-वॉल घ्या असंच मी सांगेन. वाटेत थांबून टॉयलेट किंवा फ्रिज वापरायचा तर तेही त्याच्यातच जमतं, घडीच्यात सगळं छताखाली बंद असतं.

आता ज्या एका गोष्टीने आमचं ठरलं ती. टेबल.

एका सामान्य कारने ओढता येईल एवढ्या हार्ड-वॉलमध्ये चौघांची कायमची झोपायची जागा सहसा नसते. एक बेड कायमचा असतो आणि दुसरा रात्री टेबलचा करायचा असतो. म्हणजे टेबलावरचं सगळं उचला, खालचा पाय काढा, फळी बाकांच्या कडांवर बसवा, पाठीच्या गाद्या मधे टाका, त्या गाद्या एका ठरावीक क्रमानेच बसतात आणि तरी मधे एक फट राहतेच, मग त्यावर चादर, मग कुठल्या तरी खणातून अंथरूण-पांघरूण. सकाळी हेच उलट. आणि ते अंथरूण दिवसा ठेवायचं कुठे तर मोठ्यांच्या बेडवर, म्हणजे दुपारी कुणाला आडवं व्हायचं असेल तर आधी ते हलवा. मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही, पाच-सात मिनिटांचं काम आहे. तक्रार ही की मुलं झोपली की घर संपलं. मुलांना लवकर झोप येते, त्यांना टेबलावर झोपवलं की आम्हा दोघांना बसायला आत कुठेच जागा नाही, बाहेर पाऊस असेल तर आपल्या बेडवर दिवा बंद करून कुजबुजत पडून राहायचं. सकाळी आपण लवकर उठलो तरी मुलं उठेपर्यंत टेबल नाही, बाक नाही, पाणी उकळायचं तरी मुलांच्या डोक्याशी खुडबुड. आणि संध्याकाळी पत्त्यांचा डाव ऐन रंगात आलेला असताना एका मुलाला झोप आली की डाव मोडायचा, कारण त्याचा पलंग आमच्या कोपराखाली आहे. सलग पाऊस लागला तेव्हा त्या टेबलावरून घरात जेवढे वाद झाले तेवढे दुसऱ्या कशावरूनच झाले नाहीत.

घडीच्यात दोन्ही टोकांना दोन मोठे बेड बाहेर आलेले असतात आणि ते दिवसभर तसेच अंथरलेले राहतात. मधलं टेबल टेबलच राहतं. मुलं एका टोकाला पडदा ओढून झोपतात, आम्ही मधे दिवा लावून बसतो, वाचतो, उद्याचं ठरवतो. बाहेरून लहान दिसणारा हा ट्रेलर उघडल्यावर आत जास्त मोकळा असतो हे फोटोंत कळत नाही, आत उभं राहिल्यावरच कळतं. एका जागी तीन-चार दिवस राहणाऱ्या फॅमिलीला, माझ्या मते, याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

कापडाचा त्रास आहे, तो लपवत नाही. ओलं कापड दुमडून आणलं तर घरी आल्यावर दिवसा-दोन दिवसांत परत उघडून पूर्ण वाळवावं लागतं, नाहीतर बुरशी धरते आणि ते डाग आणि वास पुढे जात नाहीत. म्हणजे दमून घरी आलात तरी दुसऱ्या दिवशी छत वर घ्यायचं, आणि त्यासाठी ट्रेलर पूर्ण उघडता येईल एवढी जागा पाहिजे. अशी जागा नसेल तर घडीचा घेऊ नका, खरंच. थंडीत कापड उष्णता धरत नाही, हीटर सतत चालतो आणि बॅटरी व गॅस दोन्ही भराभर संपतात. शेजारच्यांचा आवाज आत येतो, आपला बाहेर जातो. शिवाय अस्वलांच्या भागातल्या काही कॅम्पग्राउंडमध्ये कापडी भिंतींना परवानगीच नसते, अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधलं फिशिंग ब्रिज हे त्यातलं नेहमी सांगितलं जाणारं नाव.

पण हार्ड-वॉलला पाण्याची काळजी नाही असं जे म्हणतात ते मला पटत नाही. चौघं जण रात्रभर श्वास घेतात, सकाळी काचा आणि कोपरे ओले, छतावरची खिडकी थंडीत पण थोडी उघडी ठेवावी लागते. आणि छताच्या सांध्यांचं सीलंट तडकलं की पाणी भिंतीच्या आत उतरतं, आतली लाकडी चौकट महिनोन्महिने कुजत राहते आणि आपल्याला कळतं तेव्हा भिंत मऊ झालेली असते. कापड गळलं तर त्याच रात्री कळतं आणि बहुतेक वेळा शिवून, ठिगळ लावून भागतं. हार्ड-वॉलच्या या गळतीला अपवाद म्हणजे पूर्ण फायबरग्लासच्या साच्यातले ट्रेलर, १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला सुरू झालेला बोलर हा त्यातला जुना, वरचा आणि खालचा असे दोन साचे जोडलेले असल्याने त्यांना सांधे फार कमी, आणि त्यातले कित्येक अजून रस्त्यावर आहेत. चांगल्या स्थितीतला मिळाला तर मीही क्षणभर मोहात पडेन, पण आत गेल्यावर बहुतेकांत तेच, रात्री टेबलाचा बेड.

देखभालीचं थोडक्यात: टायर दोन्हींचे घासण्याआधी वयाने जातात, नक्षी चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षांत बदलायच्या तयारीत राहा, तारीख टायरच्या बाजूवर चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चाकांच्या बेअरिंगना वर्षातून एकदा ग्रीस. घडीच्यात याच्या जोडीला छत उचलणारी केबल आणि ती गुंडाळणारी विंच तपासायची, आणि त्याचा एक मोठा फायदा म्हणजे तो बऱ्याच गॅरेजमध्ये दारातून आत जातो, उन्हापासून वाचतो, हार्ड-वॉल बहुधा बाहेरच राहतो.

जुना बघायला जाल तेव्हा सगळ्या घरच्यांना घेऊन जा. हार्ड-वॉल असेल तर कोपऱ्यांत आणि खिडक्यांखाली भिंत अंगठ्याने दाबून बघा, घडीचा असेल तर छत पूर्ण वर-खाली दोनदा करायला लावा आणि कापडाच्या शिवणी उजेडाकडे धरून बघा. मग विकणाऱ्याची परवानगी घेऊन दार लावा, टेबलाचा बेड करा, मुलांना त्यावर आडवं व्हायला सांगा, आणि तुम्ही दोघं आत बसायला जागा शोधा. मिळाली तर हार्ड-वॉल घ्यायला काहीच हरकत नाही.