एलईडी बल्ब की रिलेवर हॅलोजन?

जुन्या गाडीच्या हेडलाइटमध्ये एच-४ (हाय-लो बीम एकाच बल्बात असलेला प्रकार) एलईडी टाकले. सहा महिन्यांत डावा मिचमिचू लागला, मग बंदच. फ्यूज शाबूत. डिकीतला जुना हॅलोजन त्याच सॉकेटला लावला तर लख्ख पेटला. म्हणजे वायरिंग ठीक, एलईडीच गेला. काढून पाहिलं तर मागचा इवलासा पंखा धुळीने जाम. पंखा थांबला की उष्णता आतच कोंडते आणि सर्किट जळतं. दुरुस्ती नाही, थेट कचरा.

६०/५५ वॅटच्या (हाय/लो बीम) हॅलोजनचं दुखणं वेगळं: उजेड पिवळट, मंद. पण दोष बऱ्याचदा बल्बचा नसतोच. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बच्या पिनांवर १२ भरले, तर मधले दोन व्होल्ट स्विच आणि बारीक वायरी खातायत. रिले (दिव्याच्या बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून बॅटरीवरून फ्यूजसकट जाड वायर आणली की तोच बल्ब उजळतो. (१००/९० वॅटचा मोह नको, होल्डर वितळतो.)

एलईडी वीज कमी खातो, मान्य. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा प्रकाश बरेचदा विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात. मी रिले घेतला. मेकॅनिक हसला, हसू दे.