एफमॉक-डायफेनिलअ‍ॅलनीन: एल-एल आणि डी-डी पावडरींची जोडी

दोन बाटल्या, दोन्हींत एफमॉक-डायफेनिलअ‍ॅलनीनची (फेनिलअ‍ॅलनीन या अमिनो आम्लाच्या दोन कड्या, टोकाला एफमॉक हा रासायनिक गट; पाण्यात जेल बनवणारा रेणू) पांढरी पावडर, दोन्हींचा रेणुभार ५३४.६ आणि दोन्हींचं जेल हाताला सारखंच लागतं. फरक आहे तो फक्त रेणूच्या डाव्या-उजवेपणाचा: एल-एल आणि डी-डी ही एकमेकांची आरशातली रूपं. म्हणूनच ही पावडर जोडीनंच घ्यावी. एल-एलसाठी डी-डीइतकं प्रामाणिक कंट्रोल (तुलनेचा नमुना) दुसरं नाही.

जेल बांधणं सोपं आहे. डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ/मिलीचं द्रावण करा, त्यातले ५० मायक्रोलिटर ९५० मायक्रोलिटर पाण्यात सोडा, दोन-तीन सेकंद व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा) आणि मग हात लावू नका. आधी दुधाळ होतं, काही मिनिटांत निवळून बसतं. बसताना हलवलं तर तंतू तुटतात आणि जेल लेचंपेचं राहतं.

सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे डावा-उजवेपणा प्रकाशानं मोजण्याची पद्धत) स्पेक्ट्रमसाठी मात्र ही रीत कामाची नाही, कारण ५ टक्के डीएमएसओ कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश गिळून टाकतो. तिथे पातळ सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच १०.५ च्या आसपास नेऊन पावडर विरघळवा आणि ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन घाला. ते सावकाश आम्ल होतं, म्हणून जेल एकजीव बसतं. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की तिथेच गुठळी होते. अल्कली जास्त झाली तर एफमॉक गटच सुटून जातो. हे लॅक्टोन स्वतःही किरल (डावा-उजवेपणा असलेलं) आहे हे विसरू नका, त्याचा ब्लँक (पावडरीविना मोजणी) वेगळा घ्या. एवढं करूनही दोन स्पेक्ट्रम आरशातल्यासारखे उलट आले नाहीत, तर क्युवेट (नमुन्याची पारदर्शक कुपी) ९० अंशांत फिरवून पुन्हा मोजा. सिग्नल बदलला तर दोष एका दिशेला रांगेत बसलेल्या तंतूंचा, म्हणजे लिनियर डायक्रोइझमचा.

डी-डीचं खरं मोल एन्झाइमांसमोर कळतं. प्रोटीएझ (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) एल-एलचा बंध तोडू शकतात, डी-डीला सहसा हात लावत नाहीत.

दोन्ही समसमान मिसळले की सरासरी मिळेल असं धरून चालू नका. पाउलिंग आणि कोरी यांनी १९५३ मध्येच अशा मिश्र थरांची वेगळी, लहरदार रचना सुचवली होती, आणि मॅक्स-१ हे जेल बनवणारं दुसरं पेप्टाइड त्याच्या आरशातल्या रूपात मिसळल्यावर जेल कोणत्याही एकट्यापेक्षा कडक झालं.

तक्रार एकच, पण मोठी. सर्टिफिकेटवरची एचपीएलसी (कॉलममधून रेणू वेगळे करून मोजण्याची पद्धत) शुद्धता सहसा साध्या, डावा-उजवा न ओळखणाऱ्या सी-१८ कॉलमवरची असते. त्यावर एल-डी ही मिश्र जात वेगळी काढता येते, पण एल-एलमध्ये मिसळलेली डी-डी त्याच शिखराखाली लपते. किरल कॉलमचा क्रोमॅटोग्राम मागा. तो मिळाला नाही तर किरॅलिटीच्या प्रयोगासाठी ती बाटली उघडू नका.