जीडीबी, आठ महिन्यांनंतर: सगळं माफ, फक्त ते ‘रिटर्न दाबा’ नको

जीडीबी म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन, डीबगर; त्याहून जास्त सांगत बसत नाही. लिहायला बसलो कारण परवा त्याच्यापायी शेवटची लोकल चुकली. साकीनाक्याहून मुलुंडला रिक्षाने आलो, आणि ते भाडं ऑफिस देत नाही.

आमचा सी प्लस प्लस प्रोग्राम रात्री ट्रेडच्या फाइली वाचतो. तो आपटला. लॉगमध्ये फक्त ‘एसटीडी एक्सेप्शन’. (एक्सेप्शन म्हणजे कोडने फेकलेली चूक: ‘थ्रो’ ती फेकतो, ‘कॅच’ पकडतो, ‘रिथ्रो’ पकडलेली तशीच पुन्हा फेकतो.) कोअर, म्हणजे आपटतानाच्या मेमरीची फाइल, उघडली तर बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) सगळ्यात बाहेरच्या कॅचपाशी. ते साहजिकच, कॅचमध्ये शिरेपर्यंत आतल्या फ्रेम्स (त्या यादीतल्या फंक्शनच्या नोंदी) उलगडून गेलेल्या असतात.

सहा महिने मी ज्याला त्याला ‘कॅच रिथ्रो’ (रिथ्रो झाला की जीडीबी थांबतो) लावायला सांगत होतो. शब्द मागे घेतो. रिथ्रो कुठून झाला ते कोअरमध्ये दिसतंच की. शिवाय या वेळी जीडीबी त्यावर एकदाही थांबला नाही.

मग ‘कॅच थ्रो’, म्हणजे प्रत्येक थ्रोवर थांब. आमचा जुना पार्सर (फाइल ओळीओळीने वाचणारा भाग) प्रत्येक रिकाम्या ओळीला एक्सेप्शन फेकतो, म्हणून दर थांब्यावर बॅकट्रेस छापून पुढे जायची कमांड लावली आणि जेवायला गेलो. तासाभराने येऊन बघतो तर पहिलं पान भरल्यावर स्वारी थांबलेली: पुढचं बघायला रिटर्न दाबा. अरे, दाबणार कोण? ‘सेट पेजिनेशन ऑफ’ एवढं टाकलं की संपलं, पण ते तासभर आधी कळायला हवं ना!

शेवटी मोजणीने काम झालं. ‘इग्नोर १ ९९९९’ (पहिल्या क्रमांकाच्या थांब्यावर ९९९९ वेळा थांबू नको, नुसतं मोज) देऊन प्रोग्राम पडू दिला, ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ने सांगितलं ४१२ वेळा. फाइल तीच, म्हणजे मोजणीही तीच. ४११ सोडून पुन्हा चालवला, तर थांबला बाहेरच्याच कॅचमध्ये, ‘थ्रो ई’वर! कुणीतरी नुसतं ‘थ्रो’ लिहायचं सोडून पुढे ‘ई’ चिकटवला होता. कंपायलरच्या लेखी तो नवा थ्रो. बेस क्लासची (वरच्या, मोघम प्रकारची) कॉपी बनते, मूळ प्रकार आणि मेसेज दोन्ही छाटले जातात. रिथ्रो होतोय कुठे, थांबायला? ४१० सोडले तेव्हा खरा सापडला: नगसंख्येचा रकाना रिकामा, त्यावर ‘एसटीओआय’, मजकुराचा आकडा करणारं फंक्शन.

‘आरआर वापर, उलटं चालवता येतं,’ असं शेजारचा म्हणतो. आरआर म्हणजे प्रोग्रामची धाव रेकॉर्ड करून मागेपुढे चालवणारं साधन. घरच्या लॅपटॉपवर मस्त चालतं. ऑफिसच्या व्हर्च्युअल मशीनला आरआरला लागणारे सीपीयूचे काउंटर दिसत नाहीत, तिथे सुरूच होत नाही.

पेजिनेशनची ओळ जीडीबीइनिटमध्ये (जीडीबी सुरू होताना वाचतो ती फाइल) घातली. काल नवा सर्व्हर मिळाला, त्यावर घालायची राहिली. आज सकाळी स्क्रीनवर काय असेल, सांगा.