अपडेटनंतर विंडोज बिघडलं: रिस्टोर, इमेज की रीसेट?

अपडेटनं विंडोज बिघडलं की पहिला सल्ला ठरलेला: दुकानात न्या, फॉरमॅट मारून घ्या. बहुतेक वेळा एवढ्या टोकाला जायची गरज नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये मागे फिरायचे चार मार्ग आहेत: नेमकं तेवढंच अपडेट काढणं, सिस्टिम रिस्टोर, आधी काढून ठेवलेली डिस्क इमेज परत उतरवणं आणि रीसेट. चौघांतून कॉम्प्युटर ‘पूर्ववत’ होतो खरा, पण काय परत मिळतं आणि त्या बदल्यात काय जातं, हे प्रत्येकाचं वेगळं आहे.

कुठलाही मार्ग धरा, आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी ठेवा. ४८ अंकी आकडा असतो हा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने बसवलेल्या बहुतेक मशीनवर, मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं असेल, तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर की मागितली की मग धावपळ. मे २०२५ मधल्या विंडोज १० च्या एका अपडेटनंतर तर काही इंटेल मशीन सुरू होतानाच ही की मागू लागल्या होत्या. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरलं, तर डिव्हाइसच्या यादीत ती सापडते.

अपडेट काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. विंडोज उघडत असेल तर सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीतून, उघडत नसेल तर दुरुस्तीच्या पडद्यावर ट्रबलशूटमधल्या ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून. हा पडदा शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर येतो. मशीन सुरूच होत नसेल तर सुरू होता होता दोन-तीनदा पॉवर बटण दाबून बंद केल्यावर बहुधा आपोआप येतो. तिथे दोन पर्याय दिसतात. दरमहा येणारं अपडेट ‘क्वालिटी’मध्ये, वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती ‘फीचर’मध्ये. मोठ्या आवृत्तीवरून परतायची मुदत एरवी १० दिवसांची. त्यानंतर जुनं विंडोज ठेवलेलं फोल्डर साफ होतं आणि ही वाट बंद होते. जागा कमी म्हणून डिस्क क्लीनअप चालवून ते आधीच उडवलेलं असेल, तर दहाव्या दिवसाचीही वाट पाहायला नको. फायली आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात, म्हणून सुरुवात इथूनच.

सिस्टिम रिस्टोर त्याच्या एक पायरी पुढे जातो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर), सिस्टिमच्या फायली आणि प्रोग्राम ठरावीक तारखेला होते तसे होतात. तुमचे फोटो आणि कागदपत्रं यांना हात लागत नाही. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. अपडेटबरोबर प्रिंटरचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलून गोंधळ झाला असेल, तर याच्याइतका नेमका उपाय नाही. अडचण एकच: बऱ्याच मशीनवर ही सोय मुळात बंद असते, आणि संकट आल्यावर ती सुरू करून काही मिळत नाही. शिवाय मोठी आवृत्ती चढली की जुने रिस्टोर पॉइंट, म्हणजे त्या त्या तारखेच्या नोंदी, पुसले जातात, तेव्हा तिथे याचा उपयोग नाही.

आता खरी निवड. वरचे दोन्ही उपाय फसले, की इमेज की रीसेट?

इमेज म्हणजे त्या दिवशीच्या अख्ख्या डिस्कची प्रत. ती उतरवली की विंडोज, प्रोग्राम, लायसन्स, फॉन्ट, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं त्या दिवसासारखं. किंमतही तिथेच मोजावी लागते: त्या दिवसानंतर सी ड्राइव्हवर साठवलेली प्रत्येक फाइल जाते. महिन्याभरापूर्वीची इमेज असेल तर महिन्याभराचं काम गेलं. म्हणून उतरवण्याआधी नव्या फायली बाहेर काढायच्या. विंडोज उघडत नसलं तरी हे जमतं. दुरुस्तीच्या पडद्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा, फाइल मेनूतून ‘ओपन’ घ्या आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. त्या खिडकीत राइट क्लिकनं कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतं. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, सी म्हणून दिसतो तो तुमचा सी असेलच असं नाही.

पण इमेज असायला ती आधी घेतलेली हवी, आणि इथे नावांची फसगत आहे. विंडोज ११ मधलं ‘विंडोज बॅकअप’ इमेज घेत नाही. ते काही फोल्डर आणि सेटिंग्ज वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, ठेवतं, आणि तिथे फुकट जागा ५ जीबी. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘विंडोज ७’ असं नाव लावून उरलेली जुनी सोय अजून इमेज घेते, पण मायक्रोसॉफ्टनं तिच्यावर काम करणं कधीच सोडलंय. इमेज घ्यायला वर्षानुवर्षं सगळे सुचवायचे ती मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली. घरगुती वापराला मी रेस्क्युझिला सुचवेन: फुकट, पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, विंडोज मेलं असलं तरी चालतं. क्लोनझिला तितकंच भरवशाचं, पण त्याचे पडदे पाहून नवखा माणूस घाबरतो.

पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याला महत्त्व का, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं. विंडोज ११ च्या त्या महिन्याच्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड चालेनासे झाले. म्हणजे उपायांची यादी समोर, पण बटण दाबता येत नाही! २० ऑक्टोबरला सुधारित अपडेट आलं, तोवर रिकव्हरी पेन ड्राइव्ह जवळ असलेल्यांचंच त्यातल्या त्यात बरं चाललं.

रीसेटला, म्हणजे विंडोज नव्याने बसवायला, आधीची कसलीच तयारी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर फायली राहतात, प्रोग्राम जातात, आणि काय काय गेलं त्याची यादी डेस्कटॉपवर मिळते. ‘क्लाउड डाउनलोड’ घेतलं, म्हणजे विंडोज इंटरनेटवरून उतरवलं, तर ४ जीबीच्या आसपास डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर आधी हिशेब करा. मात्र रीसेट म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परतणं नव्हे. सध्याचीच आवृत्ती नव्याने बसते, त्यामुळे दोष अपडेटमध्येच असेल तर तो परत भेटू शकतो.

मराठीत जुनं काम असलेल्यांनी तर दोनदा विचार करावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या पत्रिका, अहवाल, संस्थेची इतिवृत्तं या फायली रीसेटनंतर जागेवरच असतील, पण फॉन्ट गेल्यामुळे उघडल्यावर अगम्य खुणा दिसतील. फॉन्टची सीडी आणि लायसन्सचा कागद सापडत असेल तर ठीक. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाही प्रोग्रामच्या फोल्डरात पडलेला असेल, तर ‘कीप माय फाइल्स’च्या भरवशावर तो सोडू नका. अशा मशीनला माझ्या मते इमेजच हवी. उलट ब्राउझर, ईमेल आणि फोटो एवढाच वापर, फोटोही दुसरीकडे ठेवलेले, तर इमेजच्या खटाटोपात पडू नका. रीसेट पुरेसं आहे.

एका प्रसंगात मात्र चारांपैकी तीन मार्ग निरुपयोगी ठरतात: अपडेटनं फायलीच उडवल्या तर. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीनं काही जणांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डरांतल्या फायली पुसल्या. फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलेलं, पण जुन्या जागी काही फायली राहिलेल्या, अशांना फटका बसला. मायक्रोसॉफ्टनं ६ ऑक्टोबरला वितरण थांबवलं आणि नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू केलं. आवृत्ती मागे नेली म्हणून पुसलेल्या फायली येत नाहीत, रिस्टोर त्यांना शिवत नाही आणि रीसेटकडे त्या नसतातच. बाहेरच्या डिस्कवरची प्रत, नाहीतर इमेज, एवढंच कामाला येतं.

कोणत्याही मार्गानं मशीन उभी राहिली की लगेच सेटिंग्जमध्ये अपडेट ‘पॉज’ करा, नाहीतर तेच अपडेट रात्रीतून परत बसेल. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. सुधारित अपडेट यायला तेवढा वेळ सहसा पुरतो.