एकाच फेरीत केस उपटणारं आणि शेव्ह करणारं मशीन: माझी कशी फसवणूक झाली

एपिलेटर (केस मुळासकट उपटणारं मशीन) आणि शेव्हर एकाच हेडमध्ये, एकाच फेरीत दोन्ही कामं, केस कितीही आखूड असले तरी मुळासकट निघणार आणि दुखणार अजिबात नाही. अशी जाहिरात करून सध्या एक मशीन ऑनलाइन धडाक्यात विकलं जातंय. मी ते घेतलं आणि त्यात माझी सरळसरळ फसवणूक झाली. पैसे शेवटी परत मिळाले, पण त्यासाठी केवढी डोकेफोड करावी लागली. हेच मशीन वेगवेगळ्या नावांनी अजूनही विकायला आहे. तुम्ही घेण्याच्या विचारात असाल, तर आधी हे नीट वाचा.

मशीन दिसायला देखणं आहे. हेडच्या एका कडेला शेव्हरची बारीक छिद्रांची जाळी, तिला लागूनच गोल फिरणाऱ्या सोनेरी चकत्यांची रांग. सोबत चार्जिंगची केबल, साफसफाईचा छोटा ब्रश आणि ठेवायला पिशवी. किंमत चांगल्या एपिलेटरच्या जवळपास, म्हणजे स्वस्त म्हणून संशय यावा असंही काही नाही. पायावरून फिरवलं की पाय लगेच गुळगुळीत होतो आणि खरोखरच दुखत नाही. पहिल्या दिवशी कुणीही खूश होईल. वस्तू हातात आल्या आल्या लोक भरभरून चांगले रिव्ह्यू लिहितात ते त्यामुळेच.

खरं काय ते पुढच्या एक-दोन दिवसांत कळतं. नडगीवरून उलटा हात फिरवला की खुंट बोचायला लागतात. मुळासकट उपटलेला केस इतक्या लवकर परत येऊच शकत नाही. केसाचं मूळ त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असतं. तो उपटला की नवा केस आधी तिथे तयार व्हावा लागतो, मग तेवढं अंतर कापून तो वर येतो, आणि वाढीचा वेग दिवसाला मिलिमीटरच्या पाव-तृतीयांश भागाच्या आसपास असतो. म्हणूनच एपिलेटर वापरला की काही आठवडे निभावतात. शेव्हिंगचं तसं नाही. केस त्वचेच्या पातळीवर कापला जातो, मूळ जागच्या जागी राहतं आणि दुसऱ्या दिवशीची वाढ थेट बाहेर दिसते. शिवाय मूळचा केस टोकाला निमुळता असतो, कापल्यावर तो बोथट होतो, म्हणून हाताला जास्त राठ लागतो. माझ्या पायावर होते ते कापलेल्या केसांचे खुंट होते, यात शंकेला जागाच नव्हती.

विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, "मॅडम, सुरुवातीला काही केस कापले जातातच. नियमित वापरत राहा, महिनाभरात मुळं सैल होतात आणि केस पातळ यायला लागतात." ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण शेव्हिंगने मूळ सैल होत नाही आणि केसाची जाडीही बदलत नाही, ना वाढते ना कमी होते. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच याचा अभ्यास करून ठेवलाय. मग महिनाभर थांबायला का सांगतात? कारण परतीची मुदत त्याच्या आत संपते. पुन्हा विचारलं तर, "अजून थोडे दिवस द्या मॅडम, प्रत्येकाची त्वचा वेगळी असते." आणि मुदत उलटली की त्याच गोड भाषेत, "वापरलेली पर्सनल केअरची वस्तू स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेता येत नाही." आधी स्वतःच वापरत राहा म्हणून सांगायचं आणि मग वापरली म्हणून परत घ्यायची नाही! मशीन खोटं निघालं याच्यापेक्षाही मला या प्रकाराची जास्त चीड आली. हे कुणा एका कर्मचाऱ्याचं अज्ञान नव्हतं. उत्तरं आधीच लिहून ठेवलेली होती. पुढे हेच मशीन वेगळ्या नावाने घेऊन तक्रार केलेल्या दुसऱ्या एका बाईंनाही शब्द न् शब्द तीच उत्तरं मिळाली होती.

माझ्या नणंदेकडे बऱ्याच वर्षांपासून साधा एपिलेटर आहे. तिने माझं मशीन चालू केलं आणि आवाज ऐकूनच म्हणाली, "वहिनी, हा तर ट्रिमरचा आवाज आहे." मग आम्ही दोन्ही मशीन शेजारी शेजारी ठेवून हेड उघडली.

खऱ्या एपिलेटरच्या चकत्या सुट्या असतात. रोलर फिरताना एका ठराविक जागी त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि केस चिमटीत धरतात. रोलर पुढे सरकतो तसा केस ओढला जाऊन निघतो, मग चकत्या परत उघडतात आणि केस खाली पडतो. मशीन बंद करून रोलर बोटाने हळूहळू फिरवला तर ही उघडझाप डोळ्यांना दिसते. नणंदेच्या मशीनमध्ये ती अगदी स्पष्ट दिसली. माझ्या मशीनमधल्या "चकत्या" म्हणजे प्लॅस्टिकचा एकच ओतीव रोलर होता. त्यावर नुसत्या खाचा पाडून सोनेरी रंग दिलेला. नखाने खरवडल्यावर रंग निघाला आणि खाली पांढरं प्लॅस्टिक दिसलं. खाचेत नख घालून दाबलं तरी काही म्हणजे काही हलेना. चकत्या मिटतच नसतील तर केस धरणार कशा? सगळं काम शेजारची जाळी आणि तिच्याखालचं पातं करत होतं. मी एपिलेटरचे पैसे मोजून शेव्हर घेतला होता.

केस धरणं हेच एपिलेटरचं मर्म आहे. १९८६ मध्ये इस्रायलमधून एपिलेडी नावाचा एपिलेटर बाजारात आला तेव्हा त्यात चकत्या नव्हत्या, कमानीसारखी वाकवलेली एक स्प्रिंग होती. ती फिरली की बाहेरच्या वळणावर वेटोळी उघडायची, आतल्या वळणावर मिटायची आणि मिटताना केस पकडायची. पुढे एका प्रतिस्पर्धी कंपनीने स्प्रिंगऐवजी चिरा पाडलेला रबरी दांडा वापरला, तेव्हा पेटंटचा भंग झाला की नाही यावर खटले उभे राहिले. इंग्लंडमधल्या न्यायालयाने भंग नाही म्हटलं, जर्मनीतल्या न्यायालयाने आहे म्हटलं. पण स्प्रिंग असो, रबर असो की आजच्या चकत्या, उघडणं, मिटणं आणि ओढणं सगळ्यांत आहेच. ज्यात उघडमिट होणारा भागच नाही असा एपिलेटर असू शकत नाही.

आता "अजिबात दुखत नाही" या दाव्याबद्दल. केस मुळापासून निघताना दुखतं. वॅक्सिंग केलेल्या किंवा चिमट्याने एखादा केस उपटलेल्या कुणालाही हे सांगायला नको. सवयीने त्रास कमी होतो, अंग कोमट पाण्याने शेकून घेतलं आणि त्वचा ताणून धरली तर अजून कमी होतो, पण पहिल्याच वापरात शून्य दुखणं म्हणजे केस उपटलाच जात नाहीये. जाहिरातीचा व्हिडिओ मी नंतर थांबवून थांबवून पाहिला. केस उपटला जाताना त्याच्याभोवतीची त्वचा क्षणभर वर ओढली जाते आणि थोड्या वेळात तिथे बारीक लाल ठिपके उठतात. व्हिडिओतल्या बाईंचा हात मशीन फिरल्यावर जसाच्या तसा होता, एकही ठिपका नाही. आणि कॅमेरा काढलेल्या केसाच्या मुळाजवळ एकदाही जात नाही.

"केस कितीही आखूड चालतील" हेही तसंच. चिमटीत यायला केस काहीतरी लांब हवाच. चांगल्या एपिलेटरच्या कंपन्यासुद्धा फार तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा दावा करतात, आणि आरामात काम व्हायला दोन ते पाच मिलिमीटर लांबी बरी. सकाळी शेव्ह केलेल्या पायावरचे केस संध्याकाळी उपटून दाखवतो असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

उपटणं आणि शेव्हिंग एकत्र करणं मुळातच थोतांड आहे असं मात्र मी म्हणत नाही. प्रामाणिक मशीनमध्ये बहुधा दोन वेगळी हेड असतात आणि ती बदलून लावायची असतात: पायांना एपिलेटरचं, आणि जिथे उपटणं सहन होत नाही तिथे शेव्हरचं. केस फार लांब असतील तर आधी ट्रिमरने आखूड करायचे आणि मग उपटायचे, हेही योग्य आहे. दोन्ही एकाच हेडमध्ये बसवायचं असेल तर क्रम फार महत्त्वाचा. आधी चकत्या केसावरून गेल्या पाहिजेत आणि त्यातून सुटलेला केस मागून येणाऱ्या जाळीने कापला पाहिजे. उलटं झालं तर जाळी केस आधीच त्वचेलगत कापून टाकते आणि चकत्यांना धरायला काही उरतच नाही. म्हणजे अशा मशीनला फिरवायची एक ठराविक दिशा असायलाच हवी आणि ती माहितीपत्रकात सांगितलेली हवी. माझ्या मशीनबरोबरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, "कोणत्याही दिशेने फिरवा." त्याच कागदात मुळासकट उपटण्याचा उल्लेखही नव्हता, फक्त "केस काढते" एवढंच. मोठमोठे दावे सगळे जाहिरातीत आणि कागदावर मोघम भाषा. तक्रार झाली की हाच कागद पुढे करतात.

नुकसान फक्त पैशांचं झालं असतं तर एकवेळ ठीक होतं. त्या न हलणाऱ्या खाचांमध्ये अधूनमधून एखादा केस अडकायचा, पण निघायच्या ऐवजी तुटायचा. केस त्वचेच्या आत तुटला की वर येताना कधी कधी वाट चुकतो आणि आतल्या आतच वाढायला लागतो, तिथे पुळी येते, दुखते, ठणकते. माझ्या पोटरीवर अशा पुळ्या आल्या आणि त्या बसल्यावर काळपट डाग राहिले. विक्रेत्याचं यावरचं उत्तर, "त्वचा जुळवून घेतेय, वापर थांबवू नका." कृपा करून असलं काही ऐकू नका. पुळ्या आल्या तर उपटणं आणि शेव्हिंग दोन्ही ताबडतोब थांबवा, पुळ्या फोडू नका, आणि पू झाला किंवा लाली पसरायला लागली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असेल, रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील किंवा पायांवर व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा) असतील, तर खरा एपिलेटरसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

त्याच जाहिरातीत "नियमित वापराने केस कायमचे जातात" असंही म्हटलंय. एपिलेटरने, अगदी अस्सल एपिलेटरनेही, केस कायमचे जात नाहीत. अमेरिकेची एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) केस कायमचे काढण्याची पद्धत म्हणून फक्त इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे बारीक सुईतून वीज देऊन केसाचं मूळ नष्ट करण्याला मानते, लेझरलासुद्धा ती "कायमची घट" एवढंच म्हणते.

मशीन घरी आलंच असेल तर पहिल्याच दिवशी तपासा. पाय पुसून पांढऱ्या कागदावर ठेवा, थोड्याशा भागावर मशीन फिरवा आणि कागदावर पडलेले केस भिंगातून किंवा फोनच्या कॅमेऱ्यातून झूम करून बघा. उपटलेल्या केसाच्या एका टोकाला बारीकसा फुगीर भाग असतो, बऱ्याचदा पांढुरका. कापलेल्या केसाला तो नसतो, टोक सरळ छाटलेलं दिसतं. माझ्या कागदावर पिठासारखा बारीक भुगा पडला होता. मूळ असलेला एकही केस नव्हता. आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे कंगव्यात आलेला एखादा केस आखूड करून त्याचं एक टोक बोटांत धरायचं आणि दुसरं चकत्यांना लावायचं. खरा एपिलेटर तो बोटांतून खेचून घेतो. ही परीक्षा डोक्याच्या केसांपासून लांब, केस नीट बांधून करा, कारण लांब केस रोलरमध्ये गुंडाळला गेला तर इजा होते.

आता पैसे कसे मिळाले ते. मशीन आलं त्याच दिवशी मी जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते आणि व्हिडिओही उतरवून घेतला होता. ते फार उपयोगी पडलं, कारण माझ्या तक्रारीनंतर पानावरून "मुळासकट" हा शब्द गायब झाला. विक्रेत्याने आधी वाईट रिव्ह्यू काढला तर थोडी रक्कम परत देतो म्हणून आमिष दाखवलं. मी नकार दिला. मग पैसे कार्डने भरले होते म्हणून बँकेकडे "जाहिरातीप्रमाणे वस्तू नाही" अशी तक्रार नोंदवली. सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, रंग खरवडलेल्या रोलरचा जवळून काढलेला फोटो, कागदावरच्या केसांचा फोटो आणि विक्रेत्याशी झालेलं सगळं चॅट जोडलं. रोलरच्या फोटोमुळे वाद घालायला काही उरलंच नाही. अशी तक्रार करायलाही मुदत असते, तेव्हा विक्रेता कितीही गोड बोलून थांबायला सांगू देत, थांबू नका. बोलणं फोनवर करू नका, सगळं लेखी ठेवा.

तेच मशीन आता पांढऱ्या रंगात, नव्या नावाने आलंय. जाळी तीच, सोनेरी खाचांची रांग तीच, व्हिडिओतला हातही तोच. त्याच्या पानावर मी प्रश्न विचारला होता, चकत्या उघडतात-मिटतात का, आणि रोलर बोटाने फिरवतानाचा व्हिडिओ दाखवाल का. प्रश्न काढून टाकण्यात आला. तुम्ही कुठलंही असं मशीन घेणार असाल तर विक्रेत्याला हाच प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर व्हिडिओतूनच मागा.